लाल शाईतला मायना

एका सार्वजनिक वाचनालयाच्या नव्या कार्यवाह बाईंचं पत्र आलं आहे. वाचनालयाचा अमृतमहोत्सव जवळ आल्यामुळे निमंत्रणं, विनंतीपत्रं आणि देणगीदारांची आभारपत्रं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे आहे. पहिलाच मसुदा ऐंशी ओलांडलेल्या माजी अध्यक्षांनी लाल शाईने रंगवून परत केला. 'रा. रा.' (राजमान्य राजश्री) कुठे आहे? 'सा. न. वि. वि.' (साष्टांग नमस्कार विनंती विशेष) का गाळलं? संस्थापकांच्या पत्नीच्या नावाआधी 'गं. भा.' (विधवेसाठीचं 'गंगा भागीरथी') नको का? कार्यकारिणीतली तरुण मंडळी म्हणतात, सगळ्यांना 'नमस्कार' लिहा आणि मोकळ्या व्हा. या ओढाताणीत काही पत्रं गेलीही. एका निवृत्त प्राध्यापिकांना 'सौ.' लावलं गेलं, तर त्यांनी फोन करून आपण अविवाहित असल्याचं दोन वाक्यांत सांगितलं. ही चूक पुन्हा नको म्हणून दुसऱ्या एका बाईंना 'श्रीमती' लिहिलं, तर त्यांचे यजमान दुखावले. आता बाई विचारतात, 'बरोबर मायन्यांचा एखादा अधिकृत तक्ता असतो का? असला तर तोच वापरीन. की मीच मान राखायला कमी पडते आहे?'

*

कार्यवाहबाई, नमस्कार.

तक्ता असतो. एक नव्हे, पुष्कळ असतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते. शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात पत्रलेखनाच्या धड्यात एक असतो. वडिलांना 'तीर्थरूप', वडिलांसारख्या इतरांना 'तीर्थस्वरूप', धाकट्यांना 'चि.' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद', मोठ्यांना 'साष्टांग नमस्कार', बरोबरीच्यांना 'सप्रेम नमस्कार'. त्याच्याही कितीतरी आधी, तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांचे प्रधान हेमाडपंत यांच्या नावावर 'मेस्तक' सांगितलं जातं. कोणी कोणाला कोणत्या बिरुदांनी पत्र लिहावं, याची घडी त्यात बसवलेली आहे. पेशवाईतली पत्रं पाहिलीत तर मूळ मजकूर चार ओळींचा आणि आधीचा मायना दोन ओळींचा, असाही प्रकार दिसतो. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' इथून निघालेलं पत्र 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे' इथे थांबायचं.

तुमच्या माजी अध्यक्षांची लाल शाई या परंपरेतून आली आहे. त्यांनी मनचे नियम काढलेले नाहीत. पण हे सगळे तक्ते एका गृहीतावर उभे होते : पत्र लिहिणारा आणि घेणारा यांच्यात वर कोण, खाली कोण, हे आधीच ठरलेलं आहे आणि पहिल्या ओळीत ते दिसलंच पाहिजे. वय, नातं, हुद्दा आणि जातसुद्धा त्या ओळीत वाचता यायची. तुमच्या तरुण सहकाऱ्यांना 'नमस्कार' अगदी साधा, कोणालाही न टोचणारा वाटतो, ते आजच्या काळात खरंच आहे. पण १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सोनार जातीला 'नमस्कार' असं अभिवादन करायला मनाई करणारा हुकूम काढला होता. कोणी कोणता शब्द उच्चारायचा हा हक्काचा मामला होता, आणि त्यावर सरकारदरबारी भांडणं होत. 'नमस्कार' आज सर्वांचा आहे तो लोकांनी तसा करून घेतला म्हणून.

म्हणजे जुना तक्ता चुकीचा, असं मी म्हणत नाही. तो ज्या कामासाठी बनला ते काम तुमच्या वाचनालयाला करायचंच नाही. तुमच्या पत्राला वर-खाली ठरवायचं नाही. कोणाला बोलावलंय, कशासाठी, कधी, आणि ती व्यक्ती आली तर तुम्हाला आनंद होईल, एवढंच सांगायचंय.

तुमच्या प्रश्नात दडलेली एक समजूत मात्र मला तपासून पाहावीशी वाटते. जितके शब्द जास्त तितका मान जास्त, असं तुम्ही आणि तुमचे अध्यक्ष दोघंही धरून चालला आहात. फरक इतकाच की त्यांना ते शब्द येतात आणि तुम्हाला येत नाहीत याची तुम्हाला खंत आहे. 'सन्माननीय मा. श्री. अमुकराव साहेब यांचे सेवेशी' असं लिहिलेल्या लिफाफ्यावर आडनाव चुकलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. 'सन्माननीय' आणि 'मा.' एकापुढे एक लावले म्हणून मान दुप्पट होत नाही, 'श्री.' आणि 'डॉ.' मिळून 'श्री. डॉ.' होत नाही, आणि 'साहेब' हा बोलण्यातला शब्द कागदावर आला की अर्ज लाचार दिसायला लागतो. एका नावाला पुढे एक उपाधी पुरते. मागे 'यांना' असलं की झालं.

या 'यांना'कडे आपलं फार दुर्लक्ष होतं. मराठीत आदर ठेवायला भाषेने स्वतःच जागा करून दिली आहे, ती मायन्यात कमी आणि व्याकरणात जास्त आहे. 'अमुकला' आणि 'अमुक यांना' यांतला फरक कोणत्याही 'रा. रा.'पेक्षा मोठा आहे. तसंच 'आपण'. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात 'आपण' म्हणायचं आणि तिसऱ्यात घाईघाईने 'तुम्ही वेळेवर या' लिहायचं, यात वरचा सगळा मायना वाया जातो. क्रियापदाचंही तेच. 'उपस्थित राहा' ही सूचना झाली, 'उपस्थित राहावे' ही अपेक्षा, 'उपस्थित राहावे ही विनंती' हे निमंत्रण. महापालिकेला लिहिताना 'त्वरित कार्यवाही करा' आणि 'कार्यवाही व्हावी ही विनंती' या दोन वाक्यांवरून पत्र वाचणारा अधिकारी तुमच्याबद्दल मत बनवतो. वर 'मा.' आहे की 'माननीय' याकडे तो पाहतही नाही. मसुदा तपासताना मायन्यावर जेवढा वेळ जातो तेवढा एकदा क्रियापदांवर घालवून पाहा.

आता 'सौ.' आणि 'श्रीमती'. तुमच्या पत्रात सगळ्यात खरी जखम इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

पुरुषाला अठराव्या वर्षी 'श्री.' लागतं आणि ते नव्वदीपर्यंत बदलत नाही. त्याचं लग्न झालं, मोडलं, पत्नी वारली, पत्रावर त्याची काहीच नोंद नसते. बाईच्या बाबतीत 'कु.', 'सौ.', 'गं. भा.' ही तिन्ही अक्षरं तिच्याबद्दल काहीच सांगत नाहीत. नवरा यायचा आहे, आहे की गेला, एवढंच सांगतात. वाचनालयाच्या व्याख्यानमालेला बोलावताना ही माहिती आपल्याला कशासाठी हवी असते? प्राध्यापिकाबाईंचा राग 'सौ.' चुकलं म्हणून नसावा. 'प्रा.' लिहायची सोय समोर असताना तुम्ही त्यांच्या लग्नाचा अंदाज बांधायला गेलात, याचा असावा. 'कु.' लिहिलं असतं तर ते तपशिलाला बरोबर ठरलं असतं, आणि तरी त्या चिडल्याच असत्या.

'श्रीमती'वर दुखावलेले यजमानही उगाच दुखावलेले नाहीत. सरकारी कागदपत्रांत 'श्रीमती' कोणत्याही स्त्रीसाठी चालतं, विवाहित असो वा नसो. पण कितीतरी घरांत हा शब्द अजूनही नवरा हयात नसलेल्या बाईसाठीच वाचला जातो, आणि त्या घरात पत्र पोचलं की सरकारी प्रघात सांगून उपयोग नसतो. शब्द दोन्ही अर्थांनी जिवंत आहे, म्हणून तो सरसकट लावू नका. 'गं. भा.'बद्दल तर माझं मत स्पष्ट आहे : संस्थेच्या पत्रात नको. २०२३च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास खात्यात 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा विचार पुढे आला, तेव्हा इतकी टीका झाली की असा काही निर्णय झालेला नाही, असा खुलासा करावा लागला. शब्द कितीही पवित्र निवडला तरी तो पतिनिधनाची आठवण नावाला चिकटवतोच. संस्थापकांच्या पत्नींना तुम्ही अमृतमहोत्सवाला बोलावताय. त्यांच्या दुःखाचा उल्लेख लिफाफ्यावर का?

मग लिहायचं काय? पहिला उपाय फुकटचा आहे : विचारा. यादीतल्या प्रत्येकीला फोन तर होणारच असतो. 'निमंत्रणपत्रिकेवर आपलं नाव कसं छापू?' एवढं विचारलं की पुढचं सगळं मिटतं. या प्रश्नाने कोणी दुखावल्याचं मला माहीत नाही, उलट लोक खूश होतात आणि लगेच सांगतात. कुणाला माहेरचं आडनाव हवं असतं, कुणाला दोन्ही, कुणाला आईचं नाव, कुणाला वडिलांचं नाव नको असतं. दुसरा उपाय, ती व्यक्ती स्वतः सही कशी करते ते पाहा. एखाद्या बाईंनी देणगीच्या पत्राखाली स्वतःहून 'सौ.' लिहिलं असेल तर आभारपत्रात 'सौ.'च लिहा. तिथे आपली मतं लादायची नाहीत. आणि विचारायची सोय नसेल तर 'डॉ.', 'प्रा.', 'अ‍ॅड.' यांपैकी जे लागू असेल ते. तेही नसेल तर नुसतं पूर्ण नाव आणि 'यांना'. मराठीत हे उघडंबोडकं दिसत नाही, वाचून पाहा.

जोडप्यांना एकत्र बोलावताना 'श्री. व सौ.' लिहून पुढे फक्त नवऱ्याचं नाव छापण्याची रीत आहे. वाचनालयाची सभासद बहुतेक वेळा बायको असते, हा भाग वेगळाच. दोघांची नावं लिहा, ओळ लांबली तरी चालेल.

पदावरच्या लोकांना लिहिणं सगळ्यात सोपं, कारण तिथे पत्र माणसाला नसतंच. 'प्रति, मा. आयुक्त', खाली कार्यालयाचं नाव, मग 'विषय', आधीचा पत्रव्यवहार असेल तर 'संदर्भ', मग 'महोदय' किंवा 'महोदया'. कोण आहे ते माहीत नसेल तर 'महोदय/महोदया'. आयुक्त बदलले तरी पत्र शिळं होत नाही. फक्त 'महोदय' लिहून त्याच्याखाली पुन्हा 'स. न. वि. वि.' (सप्रेम नमस्कार विनंती विशेष) लिहू नका. एक मायना अर्जाचा, दुसरा ओळखीच्या माणसाचा, दोन्ही एकत्र आले की पत्र तिरळं पाहू लागतं. शेवटी अर्जाला 'आपली विश्वासू', ओळखीच्यांना 'आपली स्नेहांकित' किंवा नुसतं 'आपली'. आणि सहीत स्वतःच्या नावाआधी कोणतीही आदराची उपाधी नको, पद हवं तर नावाखाली लिहावं.

तुम्ही यादीत पद्म पुरस्कार मिळालेल्या एका कलावंतांचा उल्लेख केला आहे आणि 'पद्मश्री' नावाआधी घालू का, असं विचारलं आहे. घालू नका. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले. पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, म्हणून ते वैध आहेत, असा निर्णय दिला. त्याच निर्णयात हे पुरस्कार नावाच्या मागे किंवा पुढे लावायचे नाहीत, असंही म्हटलं आहे. परिचयाच्या मजकुरात 'पद्मश्री पुरस्काराने सन्मानित' असं खुशाल लिहा. नाव मात्र मोकळं ठेवा. हा नियम इतक्या सभांच्या पत्रिकांवर मोडलेला दिसतो की तो आहे हेच लोक विसरलेत. तीच गत 'महामहिम'ची. २०१२ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी देशांतर्गत कार्यक्रमांसाठी ही पदवी बाजूला ठेवली आणि 'राष्ट्रपती महोदय' पुरेसं मानलं. राष्ट्रपतिभवनाला 'महोदय' चालतं, तर नगरसेवकाला 'सन्माननीय' कशाला हवं, हे तुम्ही कार्यकारिणीत विचारून बघा. उत्तर काय येईल याची मला कल्पना आहे, तरी विचारा.

अभिवादनाचा आणखी एक पदर तुमच्या पत्रात आलेला नाही, पण पंचाहत्तर वर्षांच्या सार्वजनिक संस्थेला तो लागणार आहे. तुमचे देणगीदार आणि सभासद एकाच घरातले, एकाच धर्माचे नसतील. कोणी 'सप्रेम जय भीम' लिहून पत्र सुरू करत असेल, कोणी 'राम कृष्ण हरी', कोणी 'सलाम', कोणी 'जय ख्रिस्त'. संस्थेच्या कागदावर सुरुवात 'सप्रेम नमस्कार' किंवा 'सस्नेह नमस्कार' अशी ठेवावी. 'साष्टांग' टाळावं, ते एका विशिष्ट चालीचं आहे. पण ज्यांचं पत्र 'सप्रेम जय भीम' असं आलं, त्यांना व्यक्तिगत उत्तर लिहिताना त्यांच्याच शब्दांनी सुरुवात केली तर त्यांना आपलं वाचलं गेल्याचं कळतं. दिवंगतांच्या उल्लेखातही हेच. जुन्या देणगीदारांच्या यादीत सगळ्यांना सरसकट 'कै.' लावण्याची सवय असते. कैलासवासी होणं प्रत्येकाच्या श्रद्धेत बसत नाही. 'दिवंगत' सगळ्यांना चालतं.

ई-मेल आणि मोबाइलवरच्या संदेशांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. विषय आधीच वेगळ्या जागी जातो, पत्ता लागत नाही, 'नमस्कार' आणि नाव पुरतं. फक्त एकाच वेळी अनेकांना जाणाऱ्या संदेशात 'प्रिय' नको. ज्याला आपण ओळखत नाही त्याला 'प्रिय' म्हटलं की तो पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा वाचतो.

आता तुमचे माजी अध्यक्ष. त्यांच्या लाल शाईला तुम्ही भाषेची हरकत समजलात. मला वाटतं, त्यात दुसरंही काही असावं. वर्षानुवर्षं या संस्थेची पत्रं ज्यांच्या हातून गेली, त्यांच्यापुढे एक दिवस तयार मसुदा ठेवला गेला, 'हे पाहून द्या' म्हणून. हे माझं अनुमान आहे, तुम्ही त्यांना ओळखता. पण मसुदा होण्याआधी त्यांच्याकडे जाऊन 'जुन्या देणगीदारांपैकी कोणाशी आपला कसा संबंध होता' असं विचारलंत तर मायन्यापेक्षा मोलाची माहिती मिळेल. संस्थापकांच्या पत्नींचं नाव लग्नाआधी काय होतं आणि त्यांना स्वतःला काय म्हटलेलं आवडतं, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असेल. त्यांच्या पिढीतल्या दहापाच लोकांना त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या सहीने पत्रं लिहावीत. त्यात 'रा. रा.' असू दे, 'कृ. सा. न. वि. वि.' असू दे, शेवटी 'कळावे, लोभ असावा ही विनंती' असू दे. एका म्हाताऱ्या माणसाने दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रात ते शब्द शोभतात, कारण तिथे ते दोघांच्याही ओळखीचे आहेत. तेच शब्द तुमच्या सहीने गेले असते तर तुम्ही आजोबांचा कोट घातल्यासारखं दिसलं असतं.

तरुणांनाही थोडं सांगायचं आहे. सगळ्यांना एकच 'नमस्कार' आणि एकच मजकूर यात समानता जितकी आहे तितकाच आळसही आहे. ज्या बाईंनी चाळीस वर्षं तुमच्या संस्थेला मासिकांची वर्गणी दिली, त्यांच्या पत्राची पहिली ओळ आणि प्रायोजक कंपनीच्या पत्राची पहिली ओळ एकच असून कशी चालेल? मायना एकच ठेवा हवा तर, पण त्याच्या पुढचं एक वाक्य त्या माणसासाठी वेगळं लिहा. 'आपण दिलेल्या बालविभागातल्या कपाटाला आता दुसरं रंगकाम झालं आहे' असं एक वाक्य दहा उपाध्यांचं काम करतं. याला वेळ लागतो, म्हणूनच मंडळी 'नमस्कार'वर मोकळी होऊ पाहतात, असा मला संशय आहे.

तर कामाचं : निमंत्रितांच्या यादीत नाव, पत्ता, फोन यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा, 'नाव कसं लिहावं'. तो भरला गेल्याशिवाय पत्र छापायला जाऊ नये. पुढच्या कार्यवाहाला ही वही आयती मिळेल. दुखावलेल्या यजमानांच्या घरी पत्र नको, फोन करा, आणि बोला त्या बाईंशी. नाव त्यांचं आहे, कसं लिहायचं ते त्यांनीच सांगावं.

प्राध्यापिकाबाईंना मात्र लेखी लिहा, छोटं. खुलासा लांबला की सबब वाटते. साधारण असं :

'प्रा. अमुक तमुक यांना, सप्रेम नमस्कार. आपल्या निमंत्रणपत्रात नावाआधीची उपाधी आमच्याकडून चुकीची लागली, त्याबद्दल दिलगीर आहोत. दुरुस्त निमंत्रण सोबत जोडले आहे. कार्यक्रमास आपण यावे, ही मनापासून विनंती. आपली, अमुक, कार्यवाह.'

कोणाच्या हातून चुकलं, कोणी मसुदा केला, यातलं काही नको. त्या येणार म्हणाल्या तर व्यासपीठावरच्या नामफलकाचा आणि निवेदकाच्या हातातल्या कागदाचा मजकूर आदल्या दिवशी स्वतः वाचा. पत्र तुम्ही दहादा तपासाल, पण सभेत माइकवरून 'सौ.' पुन्हा येतं ते तिथूनच.